भोंगा वाजला की पाणी

शांताराम सावे सरांना कप जिंकता येत होते, वाटून घेता येत नव्हते. आमच्या कॉलेजच्या ऑफिसबाहेर काचेचं कपाट आहे. त्यात मुलींच्या बास्केटबॉल टीमचे जेवढे फोटो आहेत, त्या सगळ्यांत कप सरांच्या हातात आणि मुली दोन्ही बाजूंना, लग्नातल्या करवल्यांसारख्या. सामना जिंकला तर, "मी सांगितलं तसं खेळल्या." हरला तर रेफ्री वसईचा होता, कोर्ट ओलं होतं, समोरच्या पोरी ताडासारख्या होत्या. जमेच्या बाजूला सर, खर्चाच्या बाजूला उरलेलं जग. हा माणूस दुकानदार झाला असता तर कधी बुडाला नसता.

पण टीम त्यांनीच उभी केली, हेही खरं. सर मूळचे एडवणचे, घरची नारळाची वाडी. नोकरीला लागले ते खो-खो शिकवायला. एका देणगीदाराने बास्केटबॉलचे खांब दिले. ते गंजू नयेत म्हणून सर खेळ शिकले. बोईसरला एमआयडीसीच्या कुशीत आमचं कॉलेज, मैदानाच्या भिंतीपलीकडे कारखाना. सुरुवातीला समोरची कॉलेजं आमच्याविरुद्ध राखीव पोरी उतरवायची. पुढे पुढे चिठ्ठीत आमचं नाव निघालं की त्यांचे कोच चहा अर्धा टाकून उठायला लागले. किनाऱ्याकडच्या बोलक्या पोरी आणि डोंगराकडच्या अबोल पोरी एका टीममध्ये नांदवणं सोपं नव्हतं. सरांनी नांदवल्या.

भोंग्याचा नियमही तेव्हाचाच. जागृती वरठा त्या वेळी पहिल्या वर्षाला होती. वाणगावच्या पुढे, डोंगराच्या अंगाला तिचा पाडा. एका दुपारी सरावात ती पळता पळता कोर्टवरच कोसळली. तोंडावर पाणी मारलं, शुद्धीवर आली, तेव्हा सर खेकसले, "तहान लागली तर सांगायचं नाय?"

ती म्हणाली, "तुमी इचारलं नाय."

सरांनी त्यावर भाषण केलं नाही, हे त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी फक्त नियम सांगितला. तीन वाजता पलीकडच्या कारखान्याचा पाळीचा भोंगा होतो. भोंगा वाजला की हातातला बॉल आहे तिथे खाली ठेवायचा आणि बाटल्यांकडे जायचं. कुणी मागायचं नाही, कुणी विचारायचं नाही. जी खेळत राहील तिला मैदानाला फेरी. डोंगराकडची पोर सुट्टी मागत नाही, वही मागत नाही, पाणी तर नाहीच. तेव्हा मागायची गरजच ठेवायची नाही, हा सरांचा हिशोब. त्यानंतर आमच्या कोर्टवर कुणी कोसळलं नाही. सरांच्या जमेला मी डोळे मिटून धरीन अशी ही एक गोष्ट.

यंदा सर मे अखेर निवृत्त होणार होते. जागृती शिकून, बीपीएड करून त्यांच्याच हाताखाली कंत्राटावर होती. सकाळी मैदान झाडून घेण्यापासून पोरींच्या घरी जाऊन आईबापांची समजूत काढण्यापर्यंत सगळं ती करायची. सरांच्या जागी तीच येणार असं आम्ही धरून चाललो होतो. पण संस्थेच्या अध्यक्षांच्या मनात मुंबईचा कुणी कोच होता, त्यांच्या भाच्याच्या ओळखीचा. अध्यक्ष सगळ्यांसमोर म्हणाले, "जिल्ह्याची फायनल यंदा आपल्याच मैदानावर आहे. कप आला तर जागृती. नाही आला तर मला दुसरा विचार करू दे."

कॅन्टीनच्या सुलूबाईने कपबशा विसळता विसळता निकाल देऊन टाकला, "कप आणायचा जागृतीनं, फोटोत धरायचा सरांनी, आणि नायच आला तर जायचं जागृतीनं. बरी वाटणी हाय."

फायनलच्या आधी जागृती सरांकडे गेली. सर ऑफिसच्या ओट्यावर बसून पाहुण्यांच्या हारांचा विचार करत होते.

"सर, भोंग्याची सवय आता मोडू या. पोरींना तहान लागली की पितील त्या."

"तू पीत होतीस?"

"मी तेव्हाची. दीपिका आताची हाय."

दीपिका म्हणजे टीमची सगळ्यात चपळ पोर. जागृतीच्याच पाड्यावरची, आणि तिच्याहून मुकी.

"दीपिका? तिला नाव विचारलं तरी पायाकडे बघते."

"बोलायची पाळीच येत नाय ना तिच्यावर. सगळं तुमी आधीच ठरवलेलं."

सर हसले. रागावले असते तर बरं झालं असतं; सर हसले की विषय संपलेला असायचा. "अगं, मॅच साडेअकराला. तीनच्या भोंग्यापर्यंत आपण जेवून ढेकर दिलेला असेल."

गणित बरोबर होतं. त्यात फक्त पाहुणा धरला नव्हता.

पाहुणे कोळगावला जिल्ह्याच्या मुख्यालयात मीटिंगमध्ये अडकले. साडेबारा झाले. वसईच्या पोरी सराव करून करून घामेजल्या, आमच्या पोरी सावलीत बसून आंबल्या. जागृती दोनदा सरांकडे आली. "सुरू करू या सर. साहेब आले की मध्ये थांबवू."

"उद्घाटनाआधी मॅच? आणि नारळ काय फायनल झाल्यावर फोडायचा?"

सरांचा हा शेवटचा कप होता. तो कुणाच्या हातून घ्यायचा हे त्यांनी दिवाळीपासून ठरवलेलं होतं. पाहुणे आले, नारळ फुटला, समई तीनदा विझली. लहानपणी आपण कबड्डी कशी खेळायचो हे साहेबांनी सविस्तर सांगितलं, आणि त्यांचं लहानपण बरंच लांबलं. चेंडू हवेत उडाला तेव्हा दीड वाजून गेला होता.

मॅच मात्र नारळाच्या लायकीची झाली. कधी त्या पुढे, कधी आमच्या. किनाऱ्याकडची तेजल लांबून बास्केट टाकत होती, दीपिका मांजरीसारखी बॉल पळवत होती. सर नेहमीप्रमाणे बाहेरून खेळत होते: डावीकडे, उजवीकडे, थांब, टाक. शेवटच्या मिनिटात आम्ही एका गुणाने पुढे होतो आणि बॉल दीपिकाच्या हातात होता. आता फक्त तो सांभाळायचा होता. सरांनी मागे वळून फोटोग्राफर जागेवर आहे ना, तेवढं बघून घेतलं.

आणि भिंतीपलीकडे भोंगा झाला.

दीपिकाने बॉल खाली ठेवला. घाईने नाही, घसरून नाही. देवापुढे ठेवावा तसा नीट ठेवला आणि ती बाटल्यांकडे निघाली. तिच्यामागे तेजल, तिच्यामागे बाकीच्या. पाच जणी, आमच्याच कोर्टवर, आमच्याच भोंग्याला. वसईच्या पोरींनाही क्षणभर कळलं नाही. त्यांना वाटलं शिटी झाली. मग त्यांच्यातल्या एकीने रेफ्रीकडे बघितलं, रेफ्री काही बोलेना, तेव्हा तिने बॉल उचलला आणि मोकळ्या मैदानात आरामात जाऊन बास्केट टाकली. मैदानावर बाटल्यांची झाकणं उघडल्याचा आवाज तेवढा येत होता.

तेजलला आधी कळलं. तिने तोंडावर हात ठेवला.

सरांनी टाइम-आउट मागितला. पोरी भोवती जमल्या. सरांच्या हातात आखणीची पाटी होती, खडू होता, आणि पाटी कोरी होती. दीपिकाने पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाली, "सर, भोंगा वाजला."

सबब म्हणून नव्हे. वाजला म्हणून सांगितलं.

"हो," सर म्हणाले. "वाजला." आणि त्यांनी पाटी जागृतीच्या हातात दिली.

जागृतीने दोन रेघा मारल्या. "पाणी प्यालात ना? मग आता पळा." पोरी पळाल्या. तेजलचा बॉल कड्यावर बसला, आत बघितल्यासारखा घुटमळला आणि बाहेर पडला.

कप वसईला गेला. रेफ्री वसईचाच होता, ऊनही होतं, पाहुण्यांनी उशीरही केला होता. सरांना हवा तेवढा माल समोर मांडून ठेवलेला होता. त्यांनी त्यातलं काही उचललं नाही. आम्हाला वाटलं, धक्का बसला असेल.

पुढच्या आठवड्यात संस्थेची मीटिंग झाली. चहा घेऊन सुलूबाई आत गेली ती कपबशा गोळा करण्याच्या निमित्ताने आतच रेंगाळली. अध्यक्ष म्हणाले, "सावे सर, तुमच्याबद्दल आदर आहे. पण पोरींना भोंगा आणि शिटी यातला फरक कळत नाही, हे काय शिक्षण झालं? जागृतीबाई कमी पडली."

सर उठून उभे राहिले. "सवय मी लावली. मोडू या म्हणून बाईने सांगितलं होतं, मी हसण्यावारी नेलं. वेळेवर सुरू करा म्हणाली, तेही मी ऐकलं नाही. मॅच मी घालवली."

"मग?"

"मग काय. टीमची चूक मे अखेर निवृत्त होतेय. तिच्यासाठी मुंबईहून माणूस कशाला आणता?"

सुलूबाई सांगते, अध्यक्षांनी चहा घेतला, पुन्हा घेतला, कप रिकामा होता तरी घेतला. इतकी वर्षं सरांनी स्वतःचं नाव असं जपलं होतं की त्यातलं कधी कुणासाठी खर्चलं नव्हतं. त्या दिवशी सगळं एकदम काढून टेबलावर ठेवलं. एवढ्या मोठ्या रकमेला नाही म्हणायचं तर माणूस अध्यक्षाहून मोठा लागतो. जागृतीची ऑर्डर जूनमध्ये निघाली.

ऑक्टोबरात कोर्ट सुकून सराव सुरू झाला तेव्हा सर एका दुपारी एडवणहून आले, केळीचा घड घेऊन. "सहज आलो," म्हणाले. एडवणहून बोईसरला घड घेऊन कुणी सहज येत नाही. ते कोर्टच्या कडेला कट्ट्यावर बसले, बाटली शेजारी ठेवली. सुलूबाई केळी मोजून घेत होती.

तीन वाजता भोंगा झाला. सरांचा हात बाटलीवर गेला. कोर्टवर पोरींचे पाय मंदावले. सगळ्यांनी जागृतीकडे बघितलं. जागृतीने शिटी मारली नाही, मानही हलवली नाही. बॉल दीपिकाकडे होता. तिने खाली बघितलं, तो ठेवायची जागा बघितली, आणि पुढे पास केला. खेळ सुरू राहिला. सरांनी बाटलीचं झाकण उघडलं होतं. ते तसंच हातात राहिलं.

बऱ्याच वेळाने दीपिका कोर्टच्या मधोमध थांबली. बॉल कमरेवर घेतला. पायाकडे बघत होती, पण आवाज कट्ट्यापर्यंत आला.

"मॅडम, मला पानी पायजे."

"मग पी की," जागृती म्हणाली. "आणि आणखी कुणाला हवं ते विचार."

सुलूबाईने घड बाजूला ठेवला. "सर, पोरीनं पाणी मागितलं, हे कुणाच्या नावावर मांडायचं?"

सरांची नजर कोर्टवर होती. दीपिकाची बाटली रिकामी होऊन खाली आली, तेव्हा त्यांनी आपली तोंडाला लावली.