आधी पडदा, मग रडणं

दुकानाच्या पडद्याची बांबूची काठी दोन्ही खाचांत बसली, तरी डावं टोक किंचित खालीच... आणि आतून ओरड आली नाही. तोमिएचे हात तसेच वर राहिले. रोज अंथरुणातूनच सेइजी विचारायचा, "लावलास का? सरळ लाव." तिथून त्याला दिसायचं काहीच नाही, पण नवरेपणा गाजवल्याशिवाय चैन पडायचं नाही मेल्याला. ती आत गेली, त्याच्या कपाळाला हात लावला. गार. मेल्याला — हाच शब्द का यावा मनात आत्ताच?

"मी गेलो की आधी पडदा उतरव, मग रड," त्याने बजावलं होतं. सासरे गेले तेव्हा सासूबाई पडदा काढायला विसरल्या आणि एक गिऱ्हाईक सोया सॉससाठी रिकामी बाटली घेऊन थेट प्रेतापर्यंत आलं. ती लाज सेइजीने जन्मभर बाळगली. आता पिंपं कोरडी, दुकान कधीचंच बंद, तरी पडदा रोज लागतो, कारण बघायला येणाऱ्या पाहुण्यांना गल्ली जुनी दिसली पाहिजे. उतरवला की सगळ्यांना कळणार. मग दारावर सुतकाचा कागद, मग ओसाकाहून पुतण्या... आणि जतन मंडळाचे कुवाबारा तर मागेच गोड बोलून गेलेत, "घर रिकामं झालं तर पाहुण्यांना बघायला उघडू, वहिनी." रिकामं म्हणे. आणि मी कोण, मांजर?

समोरच्या मुरासेबाई दारात पाणी शिंपडत होत्या. "काय वहिनी, म्हातारा आज ओरडला नाही? गल्लीने घड्याळं कशावर लावायची?"

"झोपलाय," तोमिए म्हणाली. किती सहज आलं तोंडातून.

ती त्याच्याजवळ येऊन बसली. थोड्या वेळाने पाहुणे आले. खिडकीच्या लाकडी गजांना नाक लावून एक मुलगी म्हणाली, "आत कुणी राहत असेल का गं?"

"छे, नुसतं दाखवायला ठेवलंय."

बाहेरून आतलं दिसत नाही, आतून मात्र त्या मुलीच्या गालावरचा टिकलीएवढा तीळसुद्धा दिसत होता. तोमिएला रडू येईना. राग येत होता — त्या पोरींचा नाही, ह्याचा. जाताना हाक मारायची होती, रोज तर एवढा ओरडायचास...

ती उठली, बाहेर आली, काठीला हात घातला. डावं टोक वर उचलून खाचेत नीट बसवलं.

"लावलाय," ती आत बघून म्हणाली. "सरळ लावलाय."

मग उंबऱ्यावर बसून ती मुरासेबाईंची वाट बघू लागली. त्या पुन्हा विचारतील. या वेळी आपल्याला खोटं बोलता येणार नाही, असं तिला वाटत होतं. आणि येईल, असंही वाटत होतं, त्याचीच भीती जास्त होती.