यजमान बसतो तेव्हा

माझ्या नवऱ्याचा, वुकाशिनचा, पाय घरात ठरत नाही. सतरा वर्षं तो फुटबॉलच्या मैदानात मधोमध धावला, पाच देशांचे क्लब पालथे घातले, आणि मे महिन्यात गुडघ्याने खेळ सोडायला लावला. तेव्हापासून खिडकी ते फाटक, फाटक ते खिडकी.

डिसेंबरात संत निकोलाच्या दिवशीही तेच. हा आमच्या घराण्याचा सण. घर पाहुण्यांनी भरलेलं, आणि हा मोबाईल घेऊन येरझाऱ्या घालतोय. सायप्रसचा एक क्लब येत्या जानेवारीपासून खेळायला ये म्हणत होता आणि आजच उत्तर मागत होता. तो मोबाईल माशाच्या रश्शात बुडवावा असं मला वाटत होतं. मुलींना बाप आत्ता कुठे कळायला लागला होता.

"बस की जरा," शेजारचा मिलोये म्हणाला. "इथे कोणी तुझ्या मागे धावत नाहीये."

"सामन्यात बाहेर बसवलं की असाच चिडायचा," मी म्हटलं.

माझे सासरे तिहोमिर ऐंशीचे. सकाळपासून तेच सगळ्यांना वाढत होते. सणाचा गोल पाव मोडायची वेळ झाली तेव्हा त्यांनी तो वुकाशिनच्या हातात ठेवला.

"आजपासून सण तुझा."

सणाचं यजमानपण घेतलं की दर डिसेंबरला घरी राहणं आलं, आणि ऐन हंगामात कुठला क्लब सोडतो?

"बाबा, अजून एकच वर्ष सांभाळा."

"पहिल्यांदा बेल्जियमला गेलास तेव्हापासून हेच ऐकतोय," सासरे म्हणाले आणि खुर्ची ओढून बसले.

या दिवशी आमच्याकडे यजमान बसत नाही. अंगात ताप असला तरी शेवटचा पाहुणा जाईपर्यंत उभा. मिलोयेचा घास तोंडातच राहिला.

"उठा ना बाबा, लोक बघतायत."

"बघू देत. माझे पाय संपले, पोरा."

ते रागावले असते तर वुकाशिन भांडला असता. ते नुसते थकले होते. मला त्यांची दया आली आणि नवऱ्याचा संताप.

मोबाईल वाजला, सायप्रसहून. वुकाशिनने पाव टेबलावर ठेवला आणि मोबाईल माझ्या हातात दिला. "सांग, गुडघा दुखतोय."

"खोटं सांगू?"

"खरंच दुखतोय."

मग पाहुण्यांना वाढायची वाइनची बाटली घेऊन तो आधी वडिलांकडेच गेला. सवयीने सासरे उठायला लागले. त्याने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा, बाबा. पाहुण्यांनी उठायचं नसतं."