झोळीची दोरी

कर्र… कर्र…

झोळीच्या कडीचा आवाज कानावर आला तशी दीपा दचकून उठून बसली. बाहेर अजून कोंबडंही आरवलं नव्हतं. तिने पायाचा अंगठा चाचपला. झोपताना गुंडाळलेली दोरी तिथे नव्हती, आणि झोळी तर हलत होती.

सासूबाई उठल्या असतील, तिला वाटलं. पण बाळंतपणाला गावाहून आलेल्या तुळसाबाई खाटेवर संथ घोरत होत्या. नवरा भीमराज कापसाच्या जिनिंगमध्ये रातपाळीला. तो उजाडल्याशिवाय येत नसे. झोळीत तान्हा संघर्ष मुठी आवळून निजला होता.

याच्या झोपेवरून कालच संध्याकाळी घरात हशा झाला होता.

"नाव ठेवलं संघर्ष, अन् आता म्हणता झोपत काहून नाई!" तुळसाबाई म्हणाल्या होत्या.

"लस टोचाले आलेल्या सिस्टरनं सांगतलं, आत्याबाई," दीपा सासूला म्हणाली होती. " सगळेच लेकरं रातीले उठतात. एवढ्याशा पोटात दूध मावते किती? घंट्या-दोन घंट्यानं भूक लागतेच. काही महिने असंच चालते म्हणे. उचलून घेतलं तं काही बिघडत नाई."

"घ्या! अन् आपली पायल? झोळीत होती तवापासून रातभर झोपे. गाय होती पोरगी, गाय!"

पाच वर्षांची पायल कोपऱ्यात दुधात भाकर कुस्करत होती. दीपा मात्र हसता हसता थांबली होती.

पायलच्या वेळी दिग्रसच्या याच खोलीत ती एकटी होती. पत्र्याची भिंत, पलीकडे थकून झोपलेले जिनिंगचे मजूर, आणि गावाहून आलेला सासूबाईंचा सांगावा : हाताची सवय लावू नको, पोरगी जन्माची गळ्यात पडीन. पायल रडली की दीपा पायाने दोरी ओढायची, पण उठायची नाही. पदर दातात धरून भिंतीकडे तोंड करून पडायची. पहिल्या रात्री पोरीने आकांत केला. मग तो कमी कमी होत गेला, आणि एका रात्री आवाजच आला नाही. सकाळी दीपाने सगळ्या चाळीला सांगितलं, माही पायल रातभर झोपली. शेजारच्या हंसाबाईने तर पोरीवरून कडाकडा बोटं मोडली होती.

आता तिने अंधारात दोरीवरून हात सरकवत नेला. दोरी खाली उतरली, चटईवरून गेली आणि एका इवल्याशा अंगठ्यापाशी संपली. पायल टक्क जागी होती.

"काहून वं, झोपली नाई?"

"भाऊ कुरकुर करून राह्यला होता. म्या तुह्या पायाची दोरी सोडून घेतली."

"मले उठवाचं ना, बेटा."

"तू थकली होती."

"रोज करतं काय असं?"

"रोज नाई. जागी असली तं करतो."

"तुले झोप येत नाई?"

"येते ना. गुपचाप पडून राह्यलं का येते मंग."

दीपाने तिच्या अंगठ्याची गाठ सोडली. दोरीचा वळ उमटला होता. त्यावरून ती हात फिरवत राहिली. तेवढ्यात झोळीत संघर्ष चुळबुळला आणि एकदम टाहो फोडून रडू लागला. दीपाने लगबगीने त्याला उचललं, पदराखाली घेतलं. तो चुटूचुटू प्यायला लागला. मग तिने दुसरा हात पायलकडे पसरला.

"ये, इकडं ये माह्यापाशी."

पायलने त्या हाताकडे पाहिलं. दोरी नीट गुंडाळून उशाशी ठेवली, आणि सवयीने कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. थोड्या वेळाने तिकडूनच तिचा आवाज आला.

"आई, सिस्टर म्हणे ना, सगळेच लेकरं रातीले उठतात? मंग मी काहून नव्हती उठत?"