घंटेला येणारा वाघ

महाराजांचा वाघ घंटेला येतो, ही बातमी निलंग्यात पसरली आणि माणसं खुळावली. ताडोबाला जाऊन नुसती धूळ खाऊन आलेली मंडळी सांगू लागली, की तिकडं सरकारी वाघ पैसे भरूनही शेपूट दाखवत नाही. इथं मात्र ओढ्याकाठच्या खडकावर तो स्वतः येऊन उभा राहतो आणि ज्याच्याकडं बघतो त्याचं दुखणं पळतं. कुणाची धरलेली कंबर सुटली होती, कुणाच्या मुलाचं लग्न ठरलं होतं. खरं तर तो वाघ नव्हता, उसात राहणारा बिबट्या होता. पण बिबट्या म्हटलं की दर्शनाची गोडी कमी होते, म्हणून सगळे वाघच म्हणत.

व्याघ्रानंद महाराज कुठले, हे कुणी विचारलं नव्हतं. भाषा आपल्याकडची नव्हती एवढं खरं. "ही सफारी नाही, साक्षात्कार आहे," असं ते डोळे अर्धे मिटून म्हणत. "तुम्ही वाघाला बघायला आलेला नाहीत, वाघ तुम्हाला बघायला येणार आहे. त्याच्या नजरेतली ऊर्जा थेट रक्तात उतरते." ऊर्जा हा शब्द त्यांच्या तोंडी इतक्यांदा येई, की मुदखेडच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या माझ्यासारखीला तो शब्द वर्गात काढायचीच लाज वाटावी.

तर या महाराजांनी मोठं दर्शन ठेवलं ते नेमकं येळवसेला. येळवस म्हणजे वेळ अमावस्या, त्या दिवशी आमच्याकडं गावं ओस पडतात. सगळे रानात असतात. कडब्याच्या कोपीत पूजा होते, डाळी-पालेभाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबील शिजते, आणि जातधर्म न बघता ज्याला त्याला जेवायला बोलावलं जातं. बाजारात त्या दिवशी सुई मिळायची नाही. आमच्याकडच्या कुठल्याही लेकराला हे ठाऊक असतं. महाराजांना नव्हतं.

मी ताईच्या रानात जेवायला आले होते. ताई भज्जीच्या पातेल्यात आणि पाहुण्यांत गुंतलेली. दाजी, म्हणजे रामलिंग, म्हणाले की शिवांगीला दर्शनाला नेतो, तुम्हीबी चला. शिवांगी त्यांची एकुलती एक मुलगी, सातवीतली. तिला लहानपणापासून साखरेचा आजार आहे, रोज इन्सुलिनची सुई लागते. मी म्हटलं चला, महाराजांची गंमत तरी बघू.

गंमत एका जुन्या टेम्पोत होती. मागच्या हौद्यावर चहूबाजूंनी लोखंडी जाळी ठोकून पिंजरा केला होता आणि त्यात आम्ही पंधरावीस माणसं भरलो होतो. वाघ बिथरतो म्हणून सगळ्यांचे मोबाईल एका पिशवीत गेले. मीही मुकाट्यानं दिला. मग बालाजी नावाच्या शिष्यानं बाहेरून कुलूप लावून किल्ली महाराजांच्या हातात ठेवली, टेम्पो उसाच्या मधल्या वाटेनं ओढ्यापर्यंत नेला आणि मोटारसायकलवर बसून कुठंसा निघून गेला. टेम्पोची चावी त्याच्याच खिशात होती.

शिवांगी माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती. सारखं पाणी मागत होती. बाटली संपली तरी तिची तहान भागेना, आणि तिच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येत होता. अंगात साखर फार वाढल्याची ही खूण मला ठाऊक होती. मी दाजींना विचारलं, सुई कधी दिली होती?

त्यांनी नजर चुकवली. "परवापासनं बंद केली. महाराज म्हनले, सुई टोचलेल्या अंगाकडं वाघ बघत न्हाई."

"आणि ताईला माहीत आहे?"

"तिला सांगितलं न्हाई."

मी जाळीवर हात आपटून महाराजांना सांगितलं की मुलीला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं आहे, दार उघडा. महाराज खडकाजवळ हातात घंटा घेऊन उभे होते. ते शांतपणे म्हणाले की संकल्प मोडून खाली उतरणाऱ्यावर वाघ उलटतो, आणि त्या एकापायी सगळ्यांचं दर्शन हुकेल. झालं, आतली सगळी माणसं माझ्याच अंगावर आली. एक बाई म्हणाली, मास्तरीण दिसतेय, हिच्यामुळंच वाघ येईना. दुसरीनं कुणाला विटाळ आहे का ते विचारायला सुरुवात केली. दाजी हात जोडून म्हणत होते, जरा दम धरा, एवढं दर्शन होऊ द्या.

उन्हं कलली. महाराज घंटा वाजवायचं नाव घेईनात, नुसते वाटेकडं बघत होते. त्यांच्याकडं मात्र मोबाईल होता. मागं वळून ते दबक्या आवाजात बोलले ते मला ऐकू आलं: "बंद म्हणजे? मग त्याला शोधून काढ आणि उघडायला लाव." काय बंद होतं आणि कुणाला शोधायचं होतं, ते मला तेव्हा कळलं नाही. शिवांगीला उलटी झाली. ती आता लांब, खोल श्वास घेत होती आणि डोळे उघडत नव्हती. जाळीबाहेरची, दोन हातांवरची माती मला दिसत होती आणि तिथं पाय ठेवता येत नव्हता. असलं अडकणं मी कधी अनुभवलं नव्हतं.

लोकांची चुळबुळ वाढली तशी महाराजांनी अखेर घंटा वाजवली. आणि बिबट्या आला.

उसातून सळसळत तो थेट खडकावर गेला. हौद्यात हुंदके फुटले, माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. दाजींनी शिवांगीला उचलून जाळीला टेकवलं आणि रडत म्हणाले, "बघ माय, त्याच्याकडं बघ." बिबट्यानं खडक हुंगला. एक कोपरा चाटला. इकडं तिकडं बघितलं, परत हुंगला. मग खाली उतरून तो गुरगुरत महाराजांकडं निघाला.

महाराजांनी घंटा फेकली, लुंगी सावरत टेम्पोच्या केबिनमध्ये उडी मारली आणि काच वर केली. साक्षात्कार तिथंच संपला. बिबट्या आमच्याभोवती चकरा मारू लागला. हौद्यातली माणसं जाळीपासून मागं सरकून एकमेकांना चिकटली.

"मावशी," शिवांगी किलकिल्या डोळ्यांनी जाळीबाहेर बघत पुटपुटली. मी कान तिच्या तोंडाशी नेला. "खडकामागं पिसं पडल्यात. कोंबडीची."

मी बघितलं. पांढऱ्या पिसांचा ढीग साचला होता, आणि बाजूला निळ्या झाकणाची रिकामी बादली आडवी पडली होती. वर्गात मी दरवर्षी शिकवते, की घंटा वाजवून रोज खाऊ दिला तर कुत्रं पुढं नुसत्या घंटेनं लाळ गाळतं. तो धडा माझ्यासमोर गुरगुरत फिरत होता.

मी केबिनच्या मागच्या काचेवर मुठी आपटल्या. "कोंबडी आली नाही ना आज? म्हणून उशीर करत होतात?"

महाराज काचेमागून बोलले. आवाजातली ऊर्जा गेली होती. "दुकान बंद आहे. सगळीच बंद आहेत. आज काय आहे तुमच्याकडे?"

आज येळवस होती. अख्ख्या तालुक्यात कुणाच्या घरी कोंबडी शिजत नव्हती. माझ्या अंगात तेव्हा हसायची ताकद असती, तर मी हसले असते.

दिवस मावळता मावळता शेजारच्या रानांतून आरोळ्या उठल्या. येळवसेच्या संध्याकाळी कडब्याच्या पेटत्या पेंढ्या घेऊन माणसं पिकाभोवती पळतात. आम्ही सगळे जिवाच्या आकांतानं ओरडलो. तो जाळ आणि तो गलका ओढ्याकडं वळला तसा बिबट्या थबकला, मागं सरला आणि उसात दिसेनासा झाला.

सगळ्यांच्या पुढं पेटती पेंढी घेऊन एक तरुण होता आणि त्याच्या मागं चेहरा पडलेला बालाजी. तरुणाचं नाव यासेर, निलंग्यात त्याचं चिकनचं दुकान. दोस्ताच्या रानात तो भज्जी खायला आला होता आणि बालाजीनं त्याला तिथं गाठून दुकान उघड म्हणून तगादा लावला होता. एवढी घाई कशाची म्हणून यासेरनं त्याला चांगलंच फैलावर घेतलं, तेव्हा बालाजीच्या तोंडून सगळं बाहेर पडलं.

यासेरनं बादली उचलून सगळ्यांना दाखवली. "ही आमच्या दुकानची हाय. रोज कोंबडीची आतडी न् पिसं भरून न्यायचे. मासे पाळलेत म्हनून सांगायचे. मला काय म्हाईत, वाघ पाळलाय."

केबिनचं दार उघडायला लावून लोकांनी किल्ली घेतली. महाराजांचं पुढं काय करायचं यावर तिथं बराच गोंधळ झाला. शेवटी पोलीस आले आणि त्यांना घेऊन गेले. मी त्या गोंधळाला थांबले नाही. यासेरनं आपली गाडी काढली आणि आम्ही शिवांगीला लातूरला घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर आमच्या हातात काही उरलं नसतं. ताई दवाखान्यात आली, तिनं दाजींकडं एकदा बघितलं आणि लेकीच्या उशाशी जाऊन बसली.

शिवांगीनं डोळे उघडले ते दुसऱ्या दिवशी. दाजी कॉटजवळ उकिडवे बसले होते. एवढं सगळं होऊनही त्यांच्या मनात एक आशा उरलीच होती. हळूच त्यांनी विचारलं, "माय, त्यानं बघितलं का गं तुज्याकडं?"

"न्हाई बाबा. तो सारखा खडकाकडंच बघून राहिला होता. भूक लागलती त्याला."

दाजी तोंडावर पंचा धरून रडले. मी त्यांना रडू दिलं.

हे मी शाळेत सांगते, आणि इथंही सांगते. जनावर भुकेला येतं, घंटेला नाही. कुठं चमत्कार दिसला तर हात जोडायच्या आधी त्या खडकामागं जाऊन बघा, तिथं काय सांडलंय. आणि डॉक्टरनं चालू केलेली सुई महाराजांच्या, शेजाऱ्यांच्या, अगदी बापाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

शिवांगी शुद्धीवर आली त्या संध्याकाळी नर्स सुई घेऊन आली, तेव्हा दाजी उठून उभे राहिले. "सिस्टर, मला शिकवा," ते म्हणाले. "उद्यापासनं मीच देतो."