गोविंदरावांचा फिल्टर

आगरच्या गोविंदरावांकडे पाहुणा आला की खुशाली विचारायच्या आधी त्याच्या हातात तांब्या यायचा. "आधी पाणी प्या. चिकूवाडीतल्या विहिरीचं आहे, अख्ख्या डहाणूत असं मिळायचं नाही." पाहुण्याने मान डोलावली नाही, तर दुसरा तांब्या यायचा. जाणते पाहुणे पहिल्याच घोटाला डोलवायचे.

अशा माणसाच्या घरी काचेच्या टाकीतले मासे एकेक करून मरायला लागले, हा त्यांना सरळ अपमान वाटला. टाकी त्यांच्या मुलीची, मयुराची, लग्नाआधीची. मयुरा बाळंतपणाला माहेरी आली होती आणि नात आता अडीच महिन्यांची झाली होती. मयुराला दूध पुरेना म्हणून दीड महिना डब्यातली पावडर सुरू होती. तेव्हापासून पोर किरकिरी झाली होती, पण टाकीसमोर धरली की गप्प व्हायची. म्हणून मासे जगायलाच हवेत, असं गोविंदरावांनी मनावर घेतलं.

शोभेचे मासे विकणाऱ्या मनिषने टाकीच्या पाण्यात तपासणीची पट्टी बुडवली. ती गुलाबी झाली.

"काका, नायट्रेट वाढलंय. माशांच्या घाणीने वाढतं, नाहीतर मुळात पाण्यातच असतं. विहीर एकदा तपासून घ्या."

"आमची विहीर? तपासायची?" गोविंदराव असे तडकले की मनिषने पट्ट्यांची डबी मुकाट्याने त्यांच्या हातात ठेवली.

दर आठवड्याला विहिरीचं ताजं पाणी घालूनही पट्टी गुलाबीच येई, तरी दोष माशांचाच, हे त्यांचं ठरलेलं. मग मोबाइलवर बघून त्यांनी फिल्टर बांधायला घेतला. वाडीतली ठिबकची बारीक नळी, चांगली तीस मीटर, रंगाच्या रिकाम्या बादलीत गुंडाळून बसवली. पाणी थेंबथेंब जावं म्हणून तोंडाला सलाईनची चक्री लावली. एवढ्या लांब नळीत पाण्यातली हवा संपते आणि तिथे वाढणारे जंतू नायट्रेट खातात. त्या जंतूंना खाऊ म्हणून रोज थोडं साखरपाणी. पहिले पंधरा दिवस नळीतून सडक्या अंड्यांसारखा वास येई. ते पाणी गोविंदराव मोरीत ओतत आणि त्यांची बायको कुसुमबाई नाकाला पदर लावत.

"अहो, घरात बाळंतीण आहे, आणि तुम्ही जंतू कसले पाळताय!"

महिन्याने, एका मंगळवारी दुपारी, नळीच्या टोकाशी धरलेली पट्टी पांढरी राहिली. त्यांनी दुसरी धरली. तीही पांढरी. गोविंदराव एकटेच हसले. टाकीत भर घालायला विहिरीची बादली शेजारीच होती. नितळ पाणी कसं दिसतं ते बघावं, म्हणून कौतुकाने त्यांनी तिच्यातही एक पट्टी बुडवली.

ती टाकीतल्यापेक्षा गडद गुलाबी झाली.

आधी त्यांना पट्टीचाच राग आला. मग विहिरीभोवतीची चिकूची आळी डोळ्यांपुढे आली. दर वर्षी शेणखत, वर युरिया, तीस वर्षं, आणि सगळं त्यांच्याच हाताने. खत मुरतं म्हणायचे, पण मुरून जातं कुठे, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

एवढ्यात कुसुमबाई बाटली हलवत आल्या. तान्ह्याचं पाणी उकळून अर्धं आटवायचं, ही त्यांच्या सासूची शिकवण. त्यांनी ती एक दिवस चुकवली नव्हती.

"कुसुम, थांब! ते आटवलेलं पाणी आण आधी."

त्या पाण्यातली पट्टी डबीवरच्या शेवटच्या रंगाच्याही पुढे गेली. उकळून जंतू मेले होते, पण नायट्रेट कुठे जाणार? ते निम्म्या पाण्यात जमा झालं होतं.

गोविंदरावांनी नातीला मयुराकडून घेऊन दारातल्या उजेडात धरलं. पोरीने आजोबांचा सावळा रंग घेतला, असं सगळे चेष्टेने म्हणत होते. आज त्यांनी नीट पाहिलं. ओठ निळसर होते, नखंही. ते तसेच पोरीला घेऊन रिक्षाकडे धावले.

डहाणूच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाचं रक्त घेतलं. ते तपकिरी होतं. त्यांनी लगेच ऑक्सिजन लावला, औषध सुरू केलं आणि विचारलं, "पाण्यात नायट्रेट जास्त असलं की तान्ह्याचं रक्त असं होतं, प्राणवायू धरत नाही. बाळाला पाणी कुठलं देता?"

"घरच्या विहिरीचं, डॉक्टर," कुसुमबाई म्हणाल्या. "अर्धं आटवून." बोलता बोलताच त्यांना कळलं.

"पप्पा, तुम्हाला कधी कळलं?" मयुराने विचारलं.

पट्ट्यांची डबी अजून गोविंदरावांच्या मुठीत होती.

"दीड महिन्यापूर्वी दुकानदार म्हणाला होता, विहीर तपासा. मी त्याच्यावर ओरडलो." त्यांनी डबी बाकावर ठेवली. "माशांसाठी फिल्टर बांधत बसलो गं," एवढं म्हणून ते मुलीसमोर ढसाढसा रडले.