फौजदार राधाची बोली

"फौजदार अशी बोलली तर वाचक हसतील, मॅडम," प्रकाशक पुण्याहून फोनवर समजावत होते.

प्रतिमा ओट्यावर बसून ऐकत होती. मोताळ्यात राहून तिने वीस वर्षं रहस्यकादंबऱ्या लिहिल्या, त्या याच प्रकाशकांनी छापल्या. त्यातले खून सगळे पुण्या-मुंबईत व्हायचे, तपास करणारेही शुद्ध बोलायचे. नव्या कादंबरीत मात्र मोताळ्याजवळच्या जिनिंगमध्ये, कापसाच्या गंजीखाली व्यापाऱ्याचं प्रेत सापडत होतं आणि फौजदार राधा वानखडे संशयितांना 'का' न म्हणता 'काऊन' विचारत होती. गडीमाणसं तशी बोलली तर चालेल, गंमत येते. फौजदाराचं तेवढं बदला, असं प्रकाशकांचं म्हणणं होतं. प्रतिमाने विचार करायला वेळ मागितला.

रविवारी कॉलेजात तिचा कथालेखनाचा वर्ग असे. त्या रविवारी करिष्मा या विद्यार्थिनीने आपली कथा वाचली. बाप गेल्यावर आई रडते, तो प्रसंग होता. आई पाठ्यपुस्तकासारखी रडत होती.

"तुही माय घरी अशी बोलते काय?" प्रतिमाने विचारलं.

"नाई मॅडम. पन तुमच्या पुस्तकातले लोक असेच बोलतात."

पोरीच्या आवाजात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. वर्ग सुटायची वाट न पाहता प्रतिमाने सगळ्यांसमोर प्रकाशकांना फोन लावला. इतक्या वर्षांत त्यांच्याशी ती पहिल्यांदाच घरच्यासारखी बोलली.

"राधा अशीच बोलन. छापाचं नसन तं राहू द्या. तिचं तोंड मी बदलत नाई."

प्रकाशक नम्रपणे बरं म्हणाले. त्यानंतर त्यांचा फोन आला नाही. खामगाव, अकोला, नागपूरच्या प्रकाशकांकडेही तिने कादंबरी पाठवली, पण कुठूनच होकार मिळाला नाही. राधा वानखडे कपाटात पडून राहिली, पण प्रतिमाने तिचा एक शब्द हलवला नाही.

परीक्षांमुळे कॉलेजची खोली मिळेना, तेव्हा वर्ग तिच्या अंगणात भरला. मुलांनी हट्ट धरला म्हणून ती तीच कादंबरी वाचू लागली. आत तिची आई, अन्नपूर्णाबाई, तूर पाखडत होती. लेकीची पुस्तकं घरात मांडून ठेवलेली असत. त्यांत काय आहे हे आईने कधी विचारलं नव्हतं. ते आपल्यासाठी नाही, हे तिने केव्हाच धरून टाकलं होतं.

प्रतिमा पाणी प्यायला थांबली. सुपाचा आवाजही थांबलेला होता. आई दारात उभी होती.

"मंग?" ती म्हणाली. "कोनं मारलं त्याले?"

"आयक ना, माय."

अन्नपूर्णाबाईंनी सूप भिंतीला टेकवलं आणि करिष्माला सरकायला सांगून सतरंजीवर बसल्या.