चव्वेचाळीस बुटांतलं भविष्य

बचाव फळीतली मुलगी गुडघा धरून गवतावर कण्हत होती आणि सगळं मैदान तिचा बूट बघत होतं. पाऊलबाबांनी तो स्वतःच्या हाताने उतरवला, आतला तळवा उचलला आणि खालचा घडीचा कागद प्रशिक्षकांना दिला.

‘या पायावर घात आहे.’

“महिन्यापूर्वी तुम्ही प्रत्येक बुटात ठेवलेला कागद!” प्रशिक्षक ओरडले. “हा तिसरा!”

“पाऊल बोलतं, बाळा. मी फक्त ऐकतो,” बाबा म्हणाले. लोक पाया पडायला धावले. स्ट्रेचरला वाट मिळायला त्यामुळे जरा वेळ लागला.

बूटमावशीला काहीच वाटलं नाही. पंचवीस वर्षं गार पाण्यात बूट घासून तिची बोटं बधिर झाली होती. हा तिसरा गुडघा पाहून उरलेली मावशीही बधिर झाली.

“तळवा उचलाल तर रक्षण उडेल,” असं बाबांनी बजावलं होतं. मावशीचा बाबांवर विश्वास नव्हता. तरी महिनाभर तिने एकही तळवा वाळवायला काढला नव्हता. बुटांच्या खोलीत आता नाक धरूनच जावं लागे.

तिची भाची संघाची आघाडीची खेळाडू. तिचाही गुडघा ठणकत होता. फिजिओबाईंनी उडीचं चित्रण दाखवलं होतं: जमिनीवर येताना गुडघा आत पडतो. “सहा आठवडे व्यायाम. सामना नाही.” बाबांनी मात्र डोळे मिटून सांगितलं, “हिचे कागद कोरे. खेळव.”

अंतिम सामना परवा होता.

“मावशी, आईला सांग ना, पाऊलबाबा हो म्हणालेत.”

मावशीने भाचीच्या डाव्या बुटाचा तळवा उचलला. ‘या पायावर घात आहे.’ मग उजवा. तेच. मग गोलकीपरचे, कप्तानाचे... चव्वेचाळीस बूट, चव्वेचाळीस घात. सगळे खरे ठरले असते तर संघ रांगतच मैदानात उतरला असता.

दुसऱ्या दिवशी तिने कागदांची परात बाबांपुढे ठेवली.

“बाई, तुम्ही तळवे उचललेत, म्हणून अशुभ अक्षरं उमटली!”

“असेल. हे मी उचलले नाहीत.” तिने प्रशिक्षकांपुढे राखीव पेटीतला नवा जोड ठेवला. नाडीसुद्धा ओवलेली नव्हती. “तुम्हीच उचला, साहेब.”

प्रशिक्षकांनी तळवा उचलला, कागद उलगडला आणि मनातल्या मनात वाचला.

“मोठ्याने वाचा की.”

“या पायावर घात आहे.”

“कुणाच्या?” मावशीने विचारलं.

बाबांना अचानक दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं.

“जिला लागलं तिचाच बूट उघडायचा,” फिजिओबाई म्हणाल्या. “बाकीचे कोण बघतंय? त्या तिघींचं चित्रण मी पहिल्याच आठवड्यात दाखवलं होतं. तिघींचाही गुडघा आत पडत होता. कागद कशाला हवा? पाय बघा. आणि बाबा खरं सांगतात असं वाटलं, तर खोटे ठरलेले किती तेही मोजा.”

भाची सामन्याला बाकावर बसली. संघ हरला. तीन दिवस ती मावशीकडे फिरकली नाही.

चौथ्या दिवशी ती बुटांच्या खोलीत आली. तळवे वाळत होते. मावशीने पायरीकडे बोट दाखवलं. भाचीने तिच्यावरून खाली उडी मारली. गुडघा आत गेला.

“पुन्हा,” मावशी म्हणाली.